पारूआक्काची तांबडी आमटी

घोणसमाळ गावात पौष महिन्यातल्या एका संध्याकाळी देवळासमोर बीटाची तांबडी आमटी शिजते. चुलीभोवती अख्खा गाव उभा असतो, आणि शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचे हात पाठीमागे असतात. पाहुण्यांनाही तसेच उभे राहावे लागते. कुणी नुसते झाकण उचलून बघायला गेले तरी म्हातारे दौलूतात्या काठी आपटतात. दर वर्षी नव्या पाहुण्यांना तीच हकिकत सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला आहे, पण सांगितल्याशिवाय त्यांनाही राहवत नाही.

असे सांगतात, की महायुद्धात घरदार गमावलेली परदेशी माणसे या बाजूला छावणीत येऊन राहिली होती. युद्ध संपले, छावणी उठली, माणसे पांगली. युक्रेनची पारास्का मात्र मागे राहिली, कारण तिची म्हातारी आई हन्ना हिला प्रवास झेपणारा नव्हता. मायलेकी घोणसमाळात खोली करून राहिल्या. गावाने पारास्काची पारूआक्का केली, तिला शिवणकाम दिले, पोटच्या पोरीसारखी माया लावली. त्या मायेनेच तिच्या नाकी नऊ आणले म्हणे.

झाले असे, की एका हिवाळ्यात हन्नाने अन्न सोडले. भाकरी पुढे केली की ती तोंड फिरवी, भाताचे दोन घास जेमतेम. "घरचा बोर्श दे, मग जेवते," एवढाच तिचा धोशा. बोर्श म्हणजे त्यांच्याकडची बीटाची आंबट आमटी. पारूने परसात एक वाफा बीट लावले होते, तेवढेच काय ते होते. म्हातारी दिवसेंदिवस खाटेला चिकटत चालली होती. आमटी जमली नाही तर आई हातची जाणार, हे पारूला दिसत होते.

या आमटीला चिंचेचा आंबटपणा चालत नाही. बीटाच्या फोडी मिठाच्या पाण्यात बरणीत घालून, वर फडके बांधून, आठवडाभर उबेला ठेवायच्या. पाणी आंबते, त्याला फेस येतो, आणि ते आमटीत पडते. पारूने बरणी भरली. ती आंबत आली तेव्हा शिवलेले कपडे पोचवायला ती बाजाराला गेली. शेजारच्या हौसाबाई तेवढ्यात तिचे घर झाडून द्यावे म्हणून आल्या, त्यांनी बरणी हुंगली आणि सरळ उकिरड्यावर रिकामी केली.

"नासलं व्हतं गं, फेस आल्ता," परतलेल्या पारूला त्या म्हणाल्या. "बरणी राखंनं घासून पालथी घातलीया. तू कायबी काळजी करू नगंस."

पारूने कपाळावर हात मारला. ओरडावे तरी कसे? तापात पडली असताना हीच बाई तिच्या उशाशी बसून होती. तिने मुकाट्याने दुसरी बरणी भरली आणि ती खाटेखाली लपवली.

यथावकाश आमटी चुलीवर चढली. बीट, कोबी, बटाटा, गाजर, तेलात परतलेला कांदा, वरून ते आंबलेले पाणी. रंग असा उतरला की पारूचे डोळे भरून आले. पण वास बाहेर गेला आणि तिथेच घात झाला. तांबडे म्हटले की कोल्हापूरकडच्या जिभेला झणका हवा. हौसाबाईंनी चाखून पाहिली आणि त्यांना पोरीची कीवच आली. रंग रश्श्याचा आणि चव आजाऱ्याची. पारू आईला उठवून बसवायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी चटणीचा चमचा पातेल्यात उलटा केला. मागून आलेल्या पाटलीणबाईंनी गुळाचा खडा सोडला. तिसरी घरी जाऊन सुके खोबरे वाटून घेऊन आली. हन्नाने एक घोट घेतला, ठसका लागून काळीनिळी पडली, आणि वाटी बाजूला सारून पुन्हा आडवी झाली.

आता मात्र पारूचा तोल गेला. ते पातेले उचलून ती चावडीसमोर आली आणि सगळ्या गावादेखत तिने ते खाली आदळले.

"तुमची माया आवरा," ती म्हणाली. "माझी आई मराय लागलीया. वाफ्यात एकदा पुरंल एवढंच बीट ऱ्हायलंय. ह्या बारीला कुणी चिमूटभर मीठ जरी टाकलं, तर मी तुमच्या दारात पाणी पिणार न्हाई."

बोलून झाल्यावर तिचे तिलाच वाईट वाटले, पण शब्द तिने मागे घेतला नाही. मग हौसाबाईच पुढे झाल्या. देवळातला भंडारा उचलून त्यांनी शपथ घेतली, की पारूच्या चुलीवर हे पातेले असेल तोवर हात पाठीमागे. त्यांच्यामागून एकेकाने भंडारा उचलला.

त्या वाफ्यातली शेवटची आमटी अशी शिजली. बरणी आंबेपर्यंत हन्ना नुसत्या पाण्यावर होती म्हणे. बायका दारात ओळीने उभ्या, हात मागे, नजर पातेल्यात. चटणीवाचून हौसाबाईंचा जीव नुसता खालीवर होत होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. पारूने चमचा आईच्या ओठांना लावला.

हन्नाने घोट गिळला, डोळे मिटले. "आंबट कमी झालंय," ती म्हणाली. "तुझ्या आजीचं असं नसायचं."

पारूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा गाव अंगावर घेतला तो हे ऐकायला? तिने पळी आपटली. तोवर म्हातारीने वाटी स्वतःच्या हातात घेतली होती, ती चाटूनपुसून रिकामी केली, आणि पुन्हा पुढे केली.

हन्ना खाटेवरून उठली. पुढे कित्येक वर्षे दर पौषात ती आमटी खाई आणि नावे ठेवी. कधी कोबी जून असे, कधी बीट कच्चे. पारू दर वर्षी चिडे, आणि दर वर्षी करी. मग एका वर्षी हन्नाने वाटी संपवली, लेकीकडे बघितले आणि म्हणाली, "छान झालीय गं." पळी खाली ठेवून पारू आईजवळ जाऊन बसली आणि तिचा हात तिने सोडला नाही. त्याच आठवड्यात म्हातारी गेली.

आजही घोणसमाळात पहिली वाटी गावातल्या सर्वांत वयोवृद्ध बाईला देतात. ती चाखते आणि सारा गाव जीव मुठीत धरून उभा राहतो. यंदा तो मान द्वारकाबाईंचा होता. त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला, आणि तोंड वाकडे करून विचारले, "मीठ कुठं हाय ह्यात?" तेव्हा कुठे गाव हसत जेवायला बसला.