खोक्यातला व्हायरस

परुळेकरबाई गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. एका दुपारी फोनवर कुणी साहेब गरजला, "मुख्य कार्यालयातून बोलतोय! तुमच्या संगणकात महिनाभर व्हायरस धुमाकूळ घालतोय. मोबाइलवर मी सांगतो ते अ‍ॅप टाका, त्यातला नंबर सांगा, बाकी मी इथून बघतो. नाहीतर तासाभरात पोलीस दारात!"

पोलीस ऐकताच शेजारी बसलेले वाचनालयाचे अध्यक्ष गारठले. "बाई, सांगून टाका नंबर!"

बाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, व्हायरस तुम्हाला तिथून दिसतो?"

"स्पष्ट! आत्तासुद्धा पळतोय."

"मग एक उपकार करा. आमचा संगणक चार महिने सीलबंद खोक्यात आहे, उद्घाटनाला पाहुणा मिळेना. तुम्ही आत पोचलाच आहात, तर फीतही कापून टाका!"

फोन कटला.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी फीत कापायला कात्री बाईंच्याच हातात दिली.