अंगठ्याखालचं नाव

एकदा एका पावा करणाऱ्या वृद्धाकडे एक शिष्य आला, आणि खरं सांगायचं तर तो पावा शिकायला आलाच नव्हता. तो आला होता पाव्यावरच्या चिठ्ठीसाठी.

वृद्ध आंबेघाट नावाच्या गावी राहत असे. कल्हईच्या पातळ पत्र्याची नळी वळायची, कथलाने सांधा झाळायचा, फुंकेसाठी तोंड कापायचं, बोटांसाठी भोकं पाडायची, हा त्याचा जन्माचा उद्योग. पंचक्रोशीत सारे त्याला बाबा म्हणत. त्यांच्या घरची एक रीत होती. ज्याने पावा घडवला त्याचं नाव आणि गाव एका बोटभर कागदावर लिहायचं आणि ती चिठ्ठी खळीने पाव्याला चिकटवायची. मग एक व्यापारी टोपल्या भरून ते पावे घाटाखाली नेई, जत्रांतून आणि बंदरांतून विके. मोडका पावा आणून दिला की नवा मिळे, आणि मोडके पावे टोपलीतून परत आंबेघाटला येत. त्यांचं कथील उतरवून पुन्हा कामाला लावायचं.

ही रीत तुळशीरामच्या कानावर आली आणि त्या धट्ट्याकट्ट्या तरुणाने आपलं बोचकं उचलून बाबांचं दार गाठलं. कारण सांगायला तो लाजला नाही. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या भावाने त्याला अंगाखांद्यावर वाढवलं. पुढे पोटासाठी भाऊ गलबतावर गेला. आधी आल्यागेल्याबरोबर निरोप येत, मग तेही थांबले. मधल्या काळात दुष्काळाने त्यांचं गावच उठलं, ज्याला जिकडे वाट दिसली तो तिकडे गेला. आता भाऊ परत आला तरी कुठे येणार? ज्या दाराशी तो येईल ते दारच उरलं नव्हतं.

"बाबा, तुमचे पावे बंदरापर्यंत जातात," तुळशीराम म्हणाला. "माझं नाव, या गावाचं नाव, एवढं जर दादाच्या दृष्टीस पडलं तर तो येईल. मला तेवढ्यासाठी पावा करायला शिकवा."

बाबांनी त्याला न्याहाळलं आणि बसायला पाट दिला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की विद्या अशी हेतू ठेवून शिकायची नसते वगैरे. बाबांना असली प्रवचनं येत नसत.

तुळशीराम जीव तोडून काम शिकला. पहिले काही पावे फाटक्या गळ्याचे निघाले, सांध्यांवर कथलाचे ओघळ राहिले, पण वर्ष सरता सरता त्याच्या हातून बरा स्वर निघू लागला. आणि मग एके दिवशी त्याच्या नावाची पहिली चिठ्ठी तयार झाली. 'तुळशीराम, आंबेघाट.' अक्षर वळणदार काढता काढता त्याच्या कपाळावर घाम आला होता.

चिठ्ठी चिकटवण्याचं काम मात्र बाबा स्वतःकडे ठेवीत. ते पावा वाजवायला धरतात तसा धरत, मागच्या अंगाला अंगठा जिथे टेकतो ती जागा चाचपत, आणि नेमकी तिथेच चिठ्ठी लावत. तुळशीराम बघतच राहिला.

"बाबा, तिथे तर अंगठा येतो."

"येतो खरा."

"मग चिठ्ठी झिजून जाईल."

"जाते खरी," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा पावा हातात घेतला.

आता तुम्हीच सांगा, एवढा शहाणा माणूस आणि असा उफराटा कारभार. पाव्याच्या खालच्या टोकाला चांगली रिकामी जागा आहे, तिथे बोटही पोचत नाही. पण नाही, चिठ्ठी अंगठ्याखालीच. तुळशीरामने पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. बाबा कधी हसत, कधी ऐकू न आल्यासारखं करत. मोडके पावे परत येत तेव्हा तर तुळशीराम एकेक उलटून नाव शोधत असे. त्यांच्यावर नाव म्हणून उरलेलं नसे. चिठ्ठीच्या जागी घासून गुळगुळीत झालेला पत्रा तेवढा असे. बाबा प्रत्येक पाव्याच्या त्या कोऱ्या जागेवरून हलकेच बोट फिरवत आणि मगच तो मोडीत टाकत. तुळशीरामला वाटे, आपणही असेच पुसले जातोय, आणि दादा तिकडे कुठल्या तरी धक्क्यावर उभा आहे.

पुढे बाबा लेकीकडच्या लग्नाला परगावी गेले. मागे कामाचा भार तुळशीरामवर होता, आणि त्याने ती संधी साधली. त्या खेपेच्या सगळ्या पाव्यांना त्याने चिठ्ठ्या खालच्या टोकाला लावल्या आणि त्यांवर लाखेच्या रोगणाचे हातावर हात दिले. नावं अशी झळकू लागली की बघत राहावं. व्यापाऱ्याने टोपली उचलताना वाहवा केली. बाबा आले तेव्हा माल गेलेला होता. तुळशीरामने आपण होऊनच सगळं सांगून टाकलं. बाबा रागावले नाहीत. "बघू," एवढंच म्हणाले.

त्यानंतरचे दिवस तुळशीरामने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. घाट चढून कुणी अनोळखी माणूस येताना दिसला की त्याच्या हातातलं काम थांबे. माणूस जवळ येई, पाण्याचा तांब्या मागे, रस्ता विचारून निघून जाई. पावसाळा गेला, जत्रांचा हंगाम सरला, आणि एका दुपारी व्यापारी परत आला. त्याने टोपली ओसरीवर पालथी केली. तुळशीराम आधी धावला तो त्या ढिगाकडे.

रोगणाची चमक त्याला लगेच दिसली. नाव जसंच्या तसं होतं, एक काना पुसला नव्हता. तुळशीरामच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की व्यापाऱ्यालाही हसू आलं.

"हा होय," व्यापारी म्हणाला, "हा एका सावकाराच्या बैठकीत खिळ्याला टांगलेला होता. नाव फार सुरेख म्हणून शोभेला ठेवला. रोगणाचा टवका उडेल म्हणून पोरांना हात लावू देत नव्हते. परवा कौतुकाने फुंकायला गेले तर आवाजच नाही. आत बघा."

बाबांनी पाव्याचं तोंड उजेडाकडे धरलं. कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधून फुंकेची वाट बंद केली होती.

तेवढ्यात तुळशीरामचा हात दुसऱ्या एका पाव्यावर पडला. पोचे आलेला, सांधा उकललेला पावा. त्यावर कागदाचा कपटाही नव्हता, पण सांध्यावरचा कथलाचा ओघळ त्याने ओळखला. हा त्याच्याच हातचा होता, चिठ्ठी लागलेल्या पहिल्या पाव्यांतला, ओघळ अजून पुरते सुटले नव्हते तेव्हाचा. चिठ्ठीच्या जागी पत्रा इतका झिजला होता की तिथे किंचित खळगा पडला होता.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं.

"बंदरावरच्या जत्रेत एकाने दिला. खलाशी असावा. जुना दिला, टोपलीत हात घातला, एकेक पावा फुंकून पाहिला, एक घेतला आणि गेला."

"दिसायला कसा होता?"

"खलाशी कसे दिसतात? उन्हाने रापलेला, दाढी वाढलेली. मी काय त्याच्याकडे सोयरीक जुळवायला गेलो होतो?"

"नाव वाचलं का त्याने? नव्या पाव्यावरचं?"

"कुणास ठाऊक. माझ्यापुढे ही गर्दी," व्यापारी म्हणाला आणि पाय धुवायला मागल्या दारी गेला.

तुळशीराम दोन्ही पावे मांडीवर घेऊन बसला. बाबा त्याच्याजवळ टेकले.

"तुळशा, तुझा दादा जिथे कुठे असेल तिथे या दोहोंतला कुठला पावा त्याच्यापाशी असावा असं तुला वाटतं?"

तुळशीरामने झळकत्या नावाकडे पाहिलं. तो पावा त्याने उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. डोळ्यांपुढे सावकाराची बैठक आली, खिळा आला, आणि खिळ्याला टांगलेलं आपलं नाव.

"नाव वाचायला कितीसा वेळ लागतो रे?" बाबा म्हणाले. "पावा हाती येतो त्या दिवशी ते वाचून होतं. ज्याला त्या नावाची ओढ आहे त्याला तेवढं पुरतं. ज्याला नाही त्याच्यासाठी सोन्याने मढवून ठेवलंस तरी व्यर्थ. त्यापुढे नावाने काय करायचं? ज्याने तुझा पावा जवळ केला त्याच्या अंगठ्याखाली थोडं थोडं सरून जायचं. माझा पावा कुणी वाजवला, कुणाला त्याने सोबत केली, हे मला कुणी कळवायला येत नाही. पावे परत येतात तेव्हा ही कोरी जागा तेवढी माझ्यापर्यंत पोचते. म्हणून चिठ्ठी इथे."

तुळशीरामने विचारलं, "आणि दादाने वाचलं असेल, तर तो आला का नाही?"

"ते मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

तुळशीरामने झिजक्या पाव्याच्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. ज्याने तो झिजवला त्याचा अंगठा रुंद होता, तुळशीरामच्या अंगठ्याभोवती जागा उरत होती. दादाचा अंगठा केवढा होता ते त्याने आठवून पाहिलं. ज्या हाताला धरून तो चालायला शिकला होता त्या हाताचा अंगठा, आणि तो काही केल्या आठवेना. तेव्हा मात्र त्याला रडू आलं. बाबांनी त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी व्यापारी निघायच्या तयारीत होता. तुळशीरामने माशीचं घर काढून तो रोगणाचा पावा स्वच्छ केला होता, खालची चिठ्ठी ऊन पाण्याने सोडवून टाकली होती. पावा वाजवायला धरतात तसा धरून त्याने मागची जागा चाचपली, नव्या चिठ्ठीला खळ लावली, आणि ती तिथे बसवून वरून अंगठा दाबला.

बैल जुंपून झाले. "अरे, दे आता," व्यापारी म्हणाला. "केव्हाच चिकटली असेल."

"हो, चिकटली," तुळशीराम म्हणाला. तरी त्याने अंगठा लगेच उचलला नाही.