मानाची चोळी

फार जुनी गोष्ट. एका नगरात दर चैत्रात राजाच्या नावानं मानाची चोळी निघे. नगरातल्या सर्वांत देखण्या बाईला ती मिळे. आणि देखणी कोण, हे कोण ठरवी? पारावर बसलेले पाच पुरुष! एकाचं पोट सुटलेलं, दुसऱ्याचे दात किडलेले. त्यांना आरसा दाखवायची कुणाची टाप नव्हती.

चोळी एकच, आणि डोळा साऱ्यांचा तिच्यावर. चैत्र आला की विहिरीवरची गाणी बंद पडत. सख्ख्या बहिणी एकमेकींच्या रंगाला नावं ठेवत. पारावर मात्र मिशांना पीळ पडे.

त्याच नगरात दोन जावा राहत. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा पोरसवदा होती. तिची वेणी रोज थोरली घाली, तिच्या तापात उशाशी थोरलीच बसे. मागच्या चैत्रात चोळी थोरलीला मिळाली होती. यंदा विहिरीवर बायका म्हणाल्या, "आता मान धाकटीचा हो!" थोरलीच्या काळजात ते रुतलं. तिनं गुपचूप धाकटीच्या उटण्यात बिब्ब्याचं तेल कालवलं. बिब्बा उतला की अंगावर फोडच फोड येतात.

निवाड्याच्या सकाळी धाकटी त्याच उटण्याची वाटी घेऊन आली.

"जाऊबाई, आधी तुम्हांला लावते. तुम्ही थोरल्या. चोळी यंदाही तुम्हांलाच मिळू दे."

तिनं उटण्यात बोटं बुडवली. थोरलीनं किंचाळून वाटी उडवली. "हात धू गं आधी! बिब्बा आहे त्यात. मीच घातलाय!"

आरडाओरडा ऐकून शेजारणी धावल्या. थोरलीनं काही लपवलं नाही. धाकटी एवढंच म्हणाली, "एका चोळीसाठी, जाऊबाई?"

कुणालाच मान वर करवेना. प्रत्येकीनं काही ना काही केलंच होतं. त्या दिवशी पाराकडे एकही बाई फिरकली नाही.

उन्हं कलल्यावर शिपाई आला. "पंच खोळंबलेत. चोळी द्यायची कुणाला?"

थोरली धाकटीच्या सुजल्या बोटांना खोबरेल लावत होती. ती कडाडली, "त्यांच्यात जो देखणा असेल, त्यालाच घाला म्हणावं!"

चोळी पुन्हा कधी निघाली नाही. धाकटीच्या बोटांवरचे डाग मात्र गेले नाहीत. वेणी घालताना थोरलीला ते रोज दिसत.

जो मान बाईला बाईची वैरीण करतो, तो देणाऱ्याच्या तोंडावर फेकावा.