गणिताला कंठ फुटला

आटपाट गाव होतं. तिथे सगुणाबाई राहायची, आणि तिची चिमुरडी लेक रेवू. बाप लवकर गेलेला, घरी नुसती पेज. सगुणाबाई शाळेने दिलेल्या कॉम्प्युटरवर मुलांच्या सरावाची पानं टाइप करायची. पण त्या साली तिची बोटं सुजून शेवग्याच्या शेंगा झाली. गणित आलं की ती वहीतल्या समीकरणांचे फोटोच चिकटवायची. दिसायला झकास, काम झटकन.

शेजारी रेवूची मैत्रीण होती, बकुळा. तिला डोळ्यांनी दिसत नसे. तिचा कॉम्प्युटर तिला हीच पानं वाचून दाखवी, पण गणित आलं की म्हणे, "चित्र. चित्र. चित्र."

"चित्रं सोडवू कशी गं?" बकुळा म्हणाली. "उद्या मोठ्या बाईंना वीस गणितं करून दाखवायचीत. नाही जमलं तर गणिताच्या तासाला मला बाहेर बसवणार."

रेवू डोळे पुसत शाळेमागच्या बागेत गेली. तिथे सोनचाफ्याच्या पिवळ्याधमक फुलातून इवलीशी परी उतरली. पंख मोरपंखी, पायांत दवाचे पैंजण.

"एक इच्छा माग, बाळे. पण जे मागशील ते तुझ्या हातांनी पुरं करायचं, दिवस मावळायच्या आत."

रेवूच्या फ्रॉकला सात ठिगळं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बकुळाच्या गणिताला बोलतं करा."

"चित्राला जीभ मलाही देता येत नाही गं. लिहिलेल्याला देते."

रेवू घरी धावली. तिने फोटो काढून टाकले. वर तीन, खाली बारीक रेघांची ओळ, तिच्याखाली चार. अपूर्णांक कसा टुमदार सजला. मग पान बकुळाच्या कॉम्प्युटरवर लावलं. बकुळाने कान दिला आणि हसून लोटपोट झाली.

"तीन, रेघ, रेघ, रेघ, चार. अगं बये, हे गणित की दोरीवरचं वाळवण?"

रेवूचं तोंड एवढंसं झालं. उन्हं कलली होती.

परी पडद्याच्या काठावर येऊन बसली. "डोळ्यांसाठी सजवलंस, राणी. आता कानांसाठी लिही." तिने बोट टेकवलं, तसा समीकरण लिहायचा चंदेरी, चिमुकला चौकोन उघडला, आत वर-खाली दोन घरं. रेवूने वरच्या घरात तीन ठेवला, खालच्या घरात चार.

कॉम्प्युटर म्हणाला, "तीन छेद चार."

बकुळा हसायची थांबली. "पुन्हा ऐकव," ती हळूच म्हणाली.

मग रेवू लिहीतच गेली. सगुणाबाई शेजारी बसून सांगे, "वर्ग वरच्या कोपऱ्यात घाल. वर्गमुळाला त्याचं छप्पर दे, संख्या उघडी नको." बकुळा एकेक ऐकून मान डोलवी. विसावं गणित बोललं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

परीने रेवूच्या कपाळावर ओठ टेकले. ती आधी गुलाबी झाली, मग सोनेरी, मग नुसता उजेड. उजेडही विरला.

सकाळी बकुळाने वीसच्या वीस गणितं सोडवली. मोठ्या बाईंनी कॉम्प्युटरचं बोलणं डोळे मिटून ऐकलं आणि सगुणाबाईंना निरोप धाडला: आजपासून शाळेची सगळी पानं तुम्ही अशीच करायची, टाइप करायला हाताखाली माणूस मिळेल, राहायला आवारातली दोन खोल्यांची जागा घ्या.

मायलेकी तिथे सुखाने नांदल्या.