अर्धवट राहिलेला ग्रंथ

"...पण बुवा, जो माणूस हौसेने ससे मारतो, त्याने लिहिलेलं खरं कसं मानायचं?"

अच्युतबुवा मठाच्या ओसरीवर उन्हाला बसून पावटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

श्रीपाद घामाघूम होऊन समोर उभा होता. आबासाहेब हिंगणीकर गेल्याचं कळताच तो पहाटे हिंगणीला निघाला होता. चार कोस जाऊन, चार कोस येऊन आत्ता कुठे परतला होता.

येरळेच्या काठावरच्या या लहानशा मठात त्याला नऊ वर्षं झाली होती. हुशार होता. पाठांतर पक्कं होतं, आणि ते पक्कं आहे हे त्याला ठाऊकही होतं. मोतीबिंदूने बुवांची नजर गेली, तेव्हा रोज सकाळी ग्रंथ वाचून दाखवायचं काम त्यांनी श्रीपादकडेच दिलं.

आबासाहेब म्हणजे जुन्या वळणाचे विचारवंत. 'हाती आलेलं आपलं नसतं. मागच्यांनी राखलं म्हणून ते आपल्याला मिळालं. आपण राखलं तर पुढच्यांना मिळेल.' आयुष्यभर त्यांनी हेच निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलं. नव्या विचारांची मंडळी त्यांची चेष्टा करत. बुवा कधी करत नसत. आबासाहेबांचा जाडजूड ग्रंथ मठात रोज दोन पानं वाचला जाई.

आणि आबासाहेबांना शिकारीचा नाद होता. थंडी पडली की कारवान जातीची लांब पायांची कुत्री घेऊन ते घोड्यावरून माळावर ससे उठवायला जात. तेव्हा बंदी नव्हती.

श्रीपादने ते एकदा, पौषात, डोळ्यांनी पाहिलं. कुत्र्यांनी ससा धरला तेव्हा आबासाहेब मोठ्याने हसत होते...

मठात येऊन त्याने जाहीर केलं, "या माणसाचा ग्रंथ यापुढे इथे वाचला जाणार नाही."

बुवा काही बोलले नव्हते.

पुढच्याच महिन्यात मठाचा उत्सव होता. आबासाहेब चार शब्द बोलायला आले. लिहून आणलेले कागद हातात धरून ते उभे राहिले, तेवढ्यात श्रीपाद सर्वांसमोर उठला.

"राखा, राखा म्हणता. त्या सशाला का नाही राखलंत?"

लोक हसले.

आबासाहेबांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. घडी घातली. कोटाच्या खिशात ठेवली.

"बरोबर आहे," एवढंच म्हणाले, आणि निघून गेले.

पुन्हा मठात आले नाहीत. त्याला तीन वर्षं झाली होती. आणि काल ते गेले.

"माईसाहेब भेटल्या का?" बुवांनी आबासाहेबांच्या पत्नीबद्दल विचारलं.

"भेटल्या. मी त्या कागदांचं विचारलं."

"मग?"

"त्या म्हणाल्या, त्याच संध्याकाळी बंबात घातले. काय लिहिलं होतं म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाले, आता राहू दे." श्रीपाद थांबला. "दुसऱ्या दिवशी कुत्री देऊन टाकली. पुन्हा माळावर गेले नाहीत. आणि... पुन्हा लिहायलाही बसले नाहीत."

पावट्याच्या शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"ससे वाचले, बुवा."

"हो. वाचले."

"मग मी चुकलो का?"

बुवा म्हणाले, "मुकं जनावर गंमत म्हणून मारणं वाईटच. मी दर वर्षी त्यांना सांगत होतो."

श्रीपाद चमकला. "तुम्ही?"

"त्यांच्याच घरी, त्यांच्याच पाटावर बसून. म्हणायचे, बुवा, पुढच्या वर्षी सोडतो."

"आणि इथे येऊन त्यांचाच ग्रंथ ऐकत होता?"

"ऐकत होतो."

"मग मला अडवलं का नाहीत?"

बुवांचे हात थांबले.

"लोक हसले, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. उठायला हवं होतं. 'आबासाहेब, वाचा,' एवढंच म्हणायला हवं होतं... नाही म्हणालो."

नदीकडून धुणं आपटल्याचा आवाज येत होता.

मग बुवांनी विचारलं, "त्या ग्रंथातलं तुला खोटं काय वाटलं?"

"मी ग्रंथाचं नाही म्हणत. माणसाचं म्हणतोय."

"माणसाचं कळलं. ग्रंथाचं विचारतोय."

श्रीपादने कपाळावरचा घाम पुसला.

"ससा तू पौषात पाहिलास," बुवा हळूच म्हणाले. "मी तो ग्रंथ त्याआधीच्या श्रावणानंतर ऐकलेला नाही."

"चातुर्मासात दुसरं काही वाचू, असं मीच..."

"हो. असं म्हणाला होतास. चातुर्मास संपला कार्तिकात."

श्रीपाद पायरीवर बसला. उन्हातही त्याचा चेहरा उतरलेला दिसत होता. बुवांना तो दिसत नव्हता, तेवढंच बरं.

"कुठल्या पानाशी थांबलास?"

त्याला आठवावं लागलं नाही. ते वाक्य त्याला तीन वर्षं पाठ होतं.

"'ज्याला घरातलं एक माणूस राखता आलं नाही, त्याने साऱ्या जगाच्या कल्याणाची भाषा बोलू नये.'"

"खोटं आहे?"

"ठाऊक नाही."

"मग वाद का नाही घातलास? चार कोसांवर तर होते."

"माझ्यावरच लिहिल्यासारखं वाटलं, बुवा. वाचवेना. आणि मग तो ससा दिसला..." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "तेव्हा मला बरं वाटलं."

बुवांनी मान हलवली. नऊ वर्षांत न विचारलेलं त्यांनी आज विचारलं.

"मागे कोण आहे तुझं?"

"आक्का. थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिनेच वाढवलं. माझ्यापायी लग्न केलं नाही तिने."

"एकटीच असते?"

"एकटीच. गुडघ्यांनी आता फारसं चालवत नाही, असं लिहिते."

"पत्र येतं म्हणजे."

"दर दिवाळीला."

"उत्तर धाडतोस?"

"धाडतो." श्रीपाद अडखळला. "आशीर्वाद लिहितो."

"थोरल्या बहिणीला?"

श्रीपादने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पावट्यांचं सूप तसंच पडून होतं. दोन चिमण्या येऊन सालींत चोची मारून गेल्या. बुवांनी त्यांना हुसकलं नाही.

शेवटी श्रीपाद म्हणाला, "मी त्यांना बोलू दिलं नाही. आणि आता ते गेले. त्यांचं ते वाक्य खरं होतं की खोटं, हे आता कुणाला विचारू?"

बुवांनी सूप बाजूला सारलं. कठड्याला धरून उठले. एक एक पायरी पायाने अजमावत खाली उतरले, आणि वाकून जमीन चाचपू लागले. श्रीपादला कळेना ते काय शोधताहेत. मग त्यांच्या हाताला त्याच्या वहाणा लागल्या. त्यांनी त्या झटकल्या आणि मठाबाहेर तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या.

"बुवा! हे काय करता!" श्रीपाद धावत खाली आला.

बुवांनी धुळीचे हात उपरण्याला पुसले.

"ते इथे बसून कळायचं नाही."