अर्ध्या फुटाचा पक्षपात

एकदा एका वृद्ध गुरूंकडे एक शिष्य संगणकाची बेसिक भाषा शिकत होता. शिष्य हुशार होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही ठाऊक होती.

नदीच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अशा दोन गावांत स्त्रियांची रस्सीखेच भरली. जिंकणारा संघ जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार होता. शिट्टी वाजली की दोरावरची लाल फीत मध्यरेषेपासून किती सरकली ते पाहायचे, आणि दोन डावांची बेरीज करायची. मात्र प्रत्येक डावाचे अंतर पूर्ण फुटांतच धरायचे. फळ्यावर अपूर्णांकाला जागा नाही, असा समितीचा ठरावच होता; आणि ठरावापुढे अपूर्णांकाचे काय चालणार?

हिशेबाचे काम शिष्याकडे आले. तो उत्तरेकडे तोंड करून संगणकापाशी बसला. उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, फीत सरकली तर अधिक. डावीकडे सरकली तर उणे. पूर्णांक करण्याची रीत पुस्तकातली होती: संख्येत अर्धा मिळवायचा आणि 'इंट' ही आज्ञा द्यायची. ती आज्ञा संख्येला लगतच्या खालच्या पूर्णांकावर आणून बसवते.

पहिल्या डावात फीत पूर्वेला अडीच फूट गेली. यंत्राने अधिक तीन दाखवले. दुसऱ्या डावात ती पश्चिमेला अडीच फूट गेली. यंत्राने उणे दोन दाखवले. बेरीज अधिक एक. पूर्वेचा संघ विजयी.

पश्चिमेच्या संघाची नायिका हौसाबाई पुढे आली. "मास्तर, त्यांनी अडीच वढलं, आमीबी अडीच वढलं. मग त्यांचं तीन आन् आमचं दोन कसं? त्यांच्या बाजूला दोर स्वस्त हाय का?"

"हरलं की दोर आठवतो," पूर्वेकडून कोणीतरी म्हणाले.

"मावशी, यंत्र पक्षपात करत नाही," शिष्य म्हणाला.

गुरू शांतपणे उठले. "टेबल फिरव. दक्षिणेकडे तोंड करून बस आणि तेच दोन्ही डाव पुन्हा भर."

"गुरुजी, टेबल फिरवल्याने गणित बदलते का?"

"फिरव तर खरे."

शिष्याने नाइलाजाने टेबल फिरवले. आता पश्चिम उजवीकडे आली. यंत्राने बेरीज दाखवली: अधिक एक. पश्चिमेचा संघ विजयी. पूर्वेकडच्या मंडळींना एकाएकी अपूर्णांकांविषयी आस्था वाटू लागली.

गुरू म्हणाले, "यंत्र निर्दोष आहे. त्याला सांगितले तेवढेच ते करते. हा गुण मी माणसांत फार शोधला. तू अर्धा मिळवतोस, म्हणजे प्रत्येक संख्येला थोडे उजवीकडे ढकलतोस. उजव्या बाजूचे अडीच त्या धक्क्याने वाढून तीन होतात, डाव्या बाजूचे त्याच धक्क्याने घटून दोन. नियम दोघांना एकच होता, पण न्याय एकच नव्हता. म्हणून आधी अधिक-उणेचे चिन्ह बाजूला काढ. अंतर किती, एवढेच पाहून त्याचा पूर्णांक कर. मग ज्याचे चिन्ह त्याला परत दे. कोण कोणत्या बाजूचा, हे मोजून झाल्यावर विचारावे."

शिष्याने आज्ञा सुधारली. अधिक तीन, उणे तीन; बेरीज शून्य. तिसरा डाव लावावा लागला. बायकांनी पुन्हा टाचा रोवल्या. दोर बराच वेळ जागचा हलेना. अखेर फीत पूर्वेकडे चार फूट गेली, आणि यावेळी यंत्राला कोणी काही विचारले नाही.

हौसाबाई सोललेल्या तळव्यांवर पाणी ओतून घेत होती. शिष्य संकोचाने जवळ जाऊन उभा राहिला.

"आता हरलो," ती म्हणाली. "मघाशी नुसतं तुमी सांगितलं व्हतं."

शिष्याने तिला वाकून नमस्कार केला. गुरूंना करायचा राहून गेला, पण गुरूंना त्याचे काहीच वाटले नाही.