फुगलेली नदी, आटलेली नदी

एका नदीच्या काठी तीन गावं होती. वरचं, मधलं आणि खालचं. प्रत्येक गावात एक राखण्या असे. पाणी, झाडं, पाखरं, जनावरं यांच्यावर त्यानं नजर ठेवायची आणि काही वेगळं दिसलं की गावाला सांगायचं. पण दिसलेली खूण शिवेबाहेर सांगायची नाही, अशी त्याला ग्रामदेवतेची शपथ होती. बाहेर सांगितलेली खूण मरते, असं लोक मानत. खरं म्हणजे खुणांवरून सापडणारी मासळी आणि मध शेजारच्या गावाला मिळू नये म्हणून कुणीतरी हे सुरू केलं होतं.

वरच्या गावाचा राखण्या येसबा. त्याचा थोरला भाऊ रायबा खालच्या गावात घरजावई गेला होता आणि तिथला राखण्या झाला होता. मधल्या गावाची राखण म्हातारी कोंडाबाई करी.

एका वर्षी पाऊस सरल्यावर वरच्या गावचा डोह फुगू लागला. आभाळात ढग नव्हता, तरी पाणी पायरी पायरीनं वर येत होतं. त्याला लाट नव्हती, आवाजही नव्हता.

मधल्या गावापाशी नदी खोल घळीतून वाहे, वरून पाणी दिसत नसे. तिथं साप भर दुपारी बिळं सोडून निघाले. साप आणि उंदीर एकाच वाटेनं टेकडी चढत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

खालच्या गावात नदी गप्प झाली. आधी खळखळ थांबली, मग पाणी उतरलं. दगडांत मासे तडफडू लागले. लोक टोपल्या घेऊन पात्रात उतरले. हसत होते, पण हळू आवाजात.

बाजाराच्या दिवशी तिघं मधल्या गावात भेटले.

"काय येसबा, तोंड का उतरलंय? बायकोनं हाकललं काय?" रायबा म्हणाला.

"दादा, तुमच्याकडे नदी कशी आहे?"

तंबाखू मळणारा रायबाचा अंगठा थांबला. "नदीसारखी. तुमच्याकडे?"

"बरी आहे."

"अरे, सख्खे भाऊ ना तुम्ही?" कोंडाबाई म्हणाली. "बोलताय तर व्याह्यांसारखे." पण सापांचं तीही बोलली नाही.

रायबा निघाला. वळणावर थांबून त्यानं मागं पाहिलं. येसबाच्या ओठांवर आलं होतं, पण त्यानं गिळलं.

दुसऱ्या सकाळी डोह थरथरला. मग पाणी भराभर उतरू लागलं, कुणी खालून ओढून घ्यावं तसं. येसबा धावत गावाखालच्या खिंडीवर गेला, जिथून नदी खाली उतरते. डोंगराचा कडा खिंडीत सरकून बसला होता आणि त्यानं नदी अडवून धरली होती. वर फुगलेली नदी आणि खाली आटलेली नदी एकच होती. आता तो बांध फुटत होता.

येसबानं शपथ मोडली. शीव ओलांडून तो ओरडत सुटला, "वर चढा! पाणी येतंय!" कोंडाबाईनं त्याला काही विचारलं नाही. तिनं सापांची वाट दाखवली आणि सारं गाव टेकडी चढलं.

तो पुढं पळाला. पण पाणी त्याच्या आधी पोचलं.

खालच्या गावची माणसं वाचली, कारण रायबानं पात्राच्या मधोमध उभं राहून मासे वेचणाऱ्या एकेकाला काठाकडे ढकललं. तो मात्र वर आला नाही. नदीनं त्याला परतही दिलं नाही.

येसबा कितीतरी दिवस चिखल उकरत राहिला. एकदा कोंडाबाईनं त्याचे हात धरले. तो म्हणाला, "आजी, एवढंच सांगायचं होतं. डोह फुगलाय, दादा. एवढंच."

तेव्हापासून तिन्ही गावांचे राखणे रोज सकाळी हाळी देतात. वरचा मधल्याला सांगतो, मधला खालच्याला, आणि खालून तसंच उलट वर जातं. खालच्या गावाची राखण आता येसबा करतो.

कधी कधी सगळ्यांचं सांगून झाल्यावर अजून खालून एक हाळी येते. तिथं गाव नाही, नुसतं पाणी आहे. पोरं म्हणतात, प्रतिध्वनी आहे. येसबा पाण्याकडे तोंड करतो, तोंडाशी हात धरतो आणि त्या दिवशी दिसलेलं सगळं पहिल्यापासून सांगतो. काही म्हणजे काही वगळत नाही.

तात्पर्य: एकट्याजवळची खूण कोडंच राहते, शेजाऱ्याच्या खुणेला जोडली तरच तिचा इशारा होतो; म्हणून जे दिसलं ते ऐकणारा जिवंत आहे तोवर सांगावं.